चिरंजीवांच्या पांघरुणाचा तंटा

श्रीनिद्रादेवी समर्थ. जीस राजा, रंक आणि तान्हे मूल सारखेच शरण, तिचे पायी मस्तक ठेवून लिहिणाराने लेखणी हाती धरिली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात चिरंजीव बाळराजे यांचे पांघरुणावरून मोठा कलह उत्पन्न जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. लिहिणारास कोणाचाही पक्ष नाही. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मोरी, मध्ये दिवाणखाना आणि त्यास लागून निजण्याची खोली, इतकाच मुलूख, परंतु तिसरे मजल्यावर असल्याकारणे वारा बहुत, आणि थंडीचे दिवसांत फरशी ऐसी गार पडे की खासे महाराजही घरात चपला घालून हिंडत. गादीवर राजश्री सौमित्रराव, त्यांचे कुटुंब राणीसाहेब ऋजुताबाई, आणि महाराजांच्या मातुश्री कुमुदिनीबाई, ज्या गावाकडील ठाणे कुलूपबंद करून नातवाचे संगोपनार्थ येऊन राहिल्या होत्या. बाळराजे श्रावणात जन्मास आले आणि तेव्हापासून खरी सत्ता त्यांचीच; ते रडले की दरबार भरे, आणि निजले की दरबार बरखास्त होऊन सर्व मानकरी चवड्यांवर चालत.

मातुश्री येतेसमयी गावाहून एक गोधडी घेऊन आल्या. त्या घराण्याचा शिरस्ता ऐसा की, तान्ह्या मुलास कोरे कापड पांघरू नये. थोरामोठ्यांच्या अंगावर वर्षानुवर्षे वावरलेले, धुऊन धुऊन मऊ पडलेले कापडच घालावे, म्हणजे त्यांचा आशीर्वाद अंगास लागतो. मातुश्रींच्या आई, ज्यांस सर्व घर मोठीआई म्हणे, त्यांचा पणतू पाहण्याचा बहुत हेत होता, परंतु तो होण्याअगोदरच त्या वारल्या. मग मातुश्रींनी त्यांची लुगडी ट्रंकेतून काढिली आणि थरावर थर मांडून, डोळ्यांस नीट दिसत नसता जवळ जवळ धावदोरा घालून ती गोधडी सिद्ध केली. पणजी आणि पणतू यांची भेट होणे ती आता या गोधडीतच, ऐसे त्यांचे मनी होते. हे त्यांनी कोणास बोलून दाखविले नाही, आणि न बोलल्याकारणे पुढील प्रकार घडला.

मार्गशीर्षात थंडीने स्वारी केली आणि गोधडी बाळराजांचे अंगावर चढली. परंतु बाळराजे पराक्रमी, पाय झाडण्याची विद्या त्यांस नुकतीच साध्य जाहली होती, आणि हाती लागेल ते मुखाकडे ओढण्याचीही. एके सकाळी राणीसाहेब चहा ठेवून खोलीत येतात तो गोधडी बाळराजांचे तोंडावर आणि आत चुळबूळ चालली आहे. त्यांनी झडप घालून गोधडी दूर केली. बाळराजे घामाघूम, आणि आईस पाहून हसले. ते हसले, परंतु राणीसाहेबांनी त्यांचे नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. मग त्यांनी हातातील यंत्रावर मुलखोमुलखीच्या आया काय करितात याचा तपास केला आणि स्वयंपाकघरी येऊन बोलल्या, “अहो आई, आजपासून त्याच्या अंगावर सुटं काही नको मला. आपण स्लीपिंग बॅग आणू या.” मातुश्री पुसत्या जाहल्या की ती काय असते, तेव्हा राणीसाहेबांनी चित्र दाखविले: वरती बिनबाह्यांची बंडी, खाली पाय आत राहतील ऐसी शिवलेली पिशवी, पुढे चेन. मातुश्रींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “पोत्यात भरतात का गं कुणी लेकराला? बटाटे आहेत का ते?” राणीसाहेब म्हणाल्या, “हात बाहेर राहतात, आई. फक्त पांघरूण तोंडावर येत नाही.” त्यावर मातुश्री म्हणाल्या, “सौमित्र गोधडीतच वाढला. त्याला काय झालं?” आणि दोघींनीही महाराजांकडे पाहिले, आणि महाराजांनी खिडकीकडे पाहिले.

महाराज स्वभावाने शांतताप्रिय. त्यांची रीत ऐसी की स्वयंपाकघरात आईस सांगावे, “तुझं बरोबरच आहे,” आणि निजण्याचे खोलीत राणीस सांगावे, “तुझंच बरोबर आहे,” आणि मधल्या बोळातून जाताना दोन्हीही खरे मानावे. तरी राणीसाहेबांनी धरणे धरिले, तेव्हा पिशवी आणण्याचे ठरले. आता माप कोणते घ्यावे हा प्रश्न निघाला, आणि येथे नवल वर्तले. त्या राज्यात कोणतेही वस्त्र अंगाचे मापाचे घेण्याची चाल नाही, सर्व काही वाढत्या अंगाचे. महाराजांचा शाळेतील सदरा गुडघ्यास लागे आणि सदरा अंगास नीट बसू लागला तो फाटला; लग्नातील कोट तर अद्याप भरावयाचा आहे. म्हणोन मातुश्री फणकाऱ्याने म्हणाल्या, “घ्यायचीच तर वाढत्या अंगाची घे बाबा,” आणि राणीसाहेब म्हणाल्या, “हो, पुढच्या थंडीत पण उपयोगी पडेल,” आणि महाराज म्हणाले, “तेच म्हणणार होतो.” साऱ्या तंट्यात तिघांचे एकमत जाहले ते या एकाच गोष्टीवर. मग दीड-दोन वर्षांचे मुलाचे मापाची पिशवी मागविली गेली आणि ती येऊन दाखल जाहली, आणि बाळराजे तीत ऐसे मावले की खाली निम्मी पिशवी रिकामी पसरली होती.

पिशवी आली म्हणोन युद्ध थांबले ऐसे नाही. बाळराजांचे हात बाहेर, आणि मातुश्री येता-जाता त्या हातांस हात लावून पाहत आणि म्हणत, “हात बघ, बर्फ झालेत नुसते,” आणि मग कानटोपी चढे, मग हातमोजे चढत, आणि राणीसाहेब न्हाणीघरात गेल्या की पिशवीवर गोधडीही चढे. राणीसाहेब बाहेर येत आणि गोधडी काढून घडी घालून खुर्चीवर ठेवीत, आणि त्यांची पाठ फिरली की मातुश्री ती घडी पुन्हा मोडीत. महाराजांनी तहाची बोलणी केली. आईस म्हणाले, “पिशवीवर गोधडी राहू दे, तुझ्या मनाला बरं वाटेल,” आणि राणीस म्हणाले, “आत पिशवी आहे ना, मग झालं तर.” या तहाने बाळराजांचे अंगावर दोन राज्यांचे ओझे आले आणि मानेवर घामोळे उठले, आणि ते कशाने उठले यावरून आणखी एक कलह जाहला.

मग तो दिवस उगवला. दुपारचे जेवण आटोपले होते, राणीसाहेब कपडे वाळत घालीत होत्या, आणि महाराज आपल्या संगणकावर दूरदेशीच्या सरदारांशी बोलत पहाऱ्यावर बसले होते, म्हणजे पाठ करून बसले होते. मातुश्री हात गार आहेत का ते पाहावे म्हणोन कठड्याच्या लहान पलंगापाशी गेल्या, तो पलंगावर पिशवी आहे आणि वर मस्तक नाही. गळा मोठा, त्यातून बाळराजे खाली खाली सरकून सगळेच आत गेले होते. मातुश्रींनी हाक मारिली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली, आणि चेन उघडेना म्हणोन पिशवी बुडाकडून धरून बाळास गळ्यातून ओढून काढिले. मुख लालबुंद, केस ओले, आणि क्षणभर काहीच नाही. मग बाळराजांनी टाहो फोडिला. तो ऐकून सर्वांचा जीव भांड्यात पडला.

मातुश्री म्हणाल्या, “ही तुमची स्लीपिंग बॅग!” राणीसाहेब बाळास उराशी धरून म्हणाल्या, “आणि त्या दिवशी तोंडावर गोधडी होती, ती? ती मी पाहिली, आई. तुम्ही नव्हता तिथे.” मातुश्रींस हे ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, “माझ्या आईची लुगडी त्याच्या जिवावर उठली, असं म्हणायचंय का तुला?” राणीसाहेबांस लुगड्यांची गोष्ट ठाऊक नव्हती, त्या नुसत्या रडत होत्या, आणि रडण्यात प्रश्न विरून गेला. मग मातुश्रींनी कपाटातून आपली प्रवासाची बॅग काढिली, तीत गोधडी सर्वांत खाली घातली आणि महाराजांस म्हणाल्या, “उद्या सकाळच्या गाडीत बसवून दे मला. माझं इथं काय काम आहे?” महाराजांस या वेळी दोन्हीकडे बरोबर म्हणण्याजोगे काही सापडले नाही.

तरी बाळराजांची तपासणी करणे जरूर, म्हणोन त्याच दुपारी तिघेही एका रिक्षात बसून बालवैद्य नाडगौडाबाई यांचेकडे गेले. वैद्यबाईंनी बाळराजांस उलटेपालटे करून पाहिले, सर्व कुशल आहे ऐसे सांगितले, आणि मग हकीकत ऐकिली. त्या म्हणाल्या, “हे बघा, वर्षाचा होईपर्यंत निजताना त्याच्याजवळ सुटं काही नको. गोधडी नको, उशी नको, टोपीसुद्धा नको. पाठीवर निजवा, कडक सपाट गादीवर. बॅग चांगली, पण त्याच्या आजच्या मापाची. गळ्यातून डोकं आत जाता कामा नये. वाढत्या अंगाचा स्वेटर घ्या, बॅग नको.” मातुश्री म्हणाल्या, “पण हात किती गार असतात त्याचे!” वैद्यबाई म्हणाल्या, “लहान बाळांचे असतातच गार. हात नका बघू, आजी. मानेला मागून हात लावा. मान उबदार असली की बाळ उबदार. मान घामेजली तर एक कपडा काढा.” आणि त्यांनी मातुश्रींचा हात धरून बाळराजांचे मानेवर नेऊन ठेविला. मातुश्रींनी पुसले, “मग चूक कुणाची म्हणायची?” वैद्यबाई म्हणाल्या, “असलीच तर तिघांची,” आणि पुढल्या रुग्णास हाक मारिली. परतताना महाराजांनी बाजारात रिक्षा थांबविली आणि बाळराजांचे अंगाशी लावून, नेमकी आजच्या मापाची, पातळ अस्तराची पिशवी घेतली. त्या राज्याचे इतिहासात मापाचे वस्त्र घेतल्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

घरी येताच बाळराजे नव्या पिशवीत निजले आणि गाढ निजले. मातुश्रींची बॅग दाराशी भरून तयार होती. महाराज बाहेर गाडीची चौकशी करावयास गेले. मातुश्री खोलीत डोकावल्या, तो राणीसाहेब पलंगाचे कठड्यास टेकून खाली उघड्या फरशीवरच बसलेल्या, एक हात कठड्यातून आत बाळराजांचे छातीवर, आणि मान कलून झोप लागलेली. गोधडी तोंडावर पाहिली त्या सकाळपासून त्या रात्ररात्र अशाच बसत आणि श्वास चालतो की नाही ते पाहत, आणि महाराज निजलेले असत, आणि मातुश्रींस वाटे की सून रागाने जागते. राणीसाहेबांचे तोंड उतरून गेले होते. मातुश्रींनी शिकविल्याप्रमाणे प्रथम बाळराजांचे मानेस मागून हात लावून पाहिला. मान उबदार होती. मग त्यांनी वाकून राणीसाहेबांचे मानेस हात लावून पाहिला. ती गार होती.

मातुश्री दाराशी गेल्या, बॅग उघडली, लावलेले सर्व कपडे बाहेर काढून तळची गोधडी घेतली आणि राणीसाहेबांचे खांद्यावरून पायांपर्यंत घालून कडा नीट खोचल्या. राणीसाहेब दचकून म्हणाल्या, “आई, बाळ...” मातुश्री म्हणाल्या, “झोपलाय. मान बघितली त्याची, उबदार आहे. तुझी गार आहे.” राणीसाहेब म्हणाल्या, “पण ही त्याची...” मातुश्री म्हणाल्या, “त्याला अजून चालायची नाही. तोवर तू घे.” मग राणीसाहेबांनी गोधडीत तोंड खुपसले आणि झोपेतच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “कसला छान वास येतोय हिला.” मातुश्रींनी गोधडीची कड पुन्हा खोचली. त्या म्हणाल्या, “माझ्या आईचा आहे. तिची लुगडी आहेत ही. तुला सांगितलंच नाही मी.” हे राणीसाहेबांनी ऐकिले की नाही, न कळे, त्या निजल्या होत्या. इतक्यात महाराज परत येऊन मोठ्याने म्हणाले, “आई, सकाळची गाडी आहे, जागा मिळेल,” तेव्हा मातुश्रींनी तोंडावर बोट ठेविले आणि म्हणाल्या, “हळू. लेकरं झोपलीत.”

एकूण हकीकत इतकीच. पिशवी बाळराजांकडे राहिली, गोधडी राणीसाहेबांकडे गेली, आणि मातुश्रींची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. वाढत्या अंगाची पिशवी पुढल्या थंडीकरिता कपाटात आहे. तह आपल्या मसलतीने जाहला ऐसा महाराजांचा समज आहे, तो कोणी मोडिला नाही. मातुश्री अद्याप रोज खोलीत जाऊन मानेस हात लावून पाहतात, आधी नातवाच्या आणि मग सुनेच्या.