चौऱ्याण्णव टक्के परवाइल्ले

चेन्नईच्या मैलापुरात, देवळाच्या तळ्याजवळ, डॉक्टर अनंतकृष्ण यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षांत एकही रुग्ण सुरक्षित नव्हता, ही गोष्ट यंदाच्या मार्चपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. रुग्ण येत, पंख्याखालच्या जागेवरून थोडे भांडत, आत जात आणि बरे होऊन घरी जात. इतका गलथान कारभार होता.

बालाजीराव या कारभाराचे जुने लाभार्थी. तंजावरच्या मराठी घराण्यातले, एग्मोर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर. दर पंधरवड्याला रक्तदाब दाखवायला येत. डॉक्टर विचारीत, "काय बालाजीराव, कसे आहांत?" बालाजीराव म्हणत, "परवाइल्ले." निम्मी तपासणी तिथेच संपे.

परवाइल्ले हा तमिळ शब्द चेन्नईत सगळ्यांच्या तोंडी. इडली गार असली तरी परवाइल्ले, मुलीला ब्याण्णव टक्के पडले तरी परवाइल्ले. ठीक आहे, चालतंय, तक्रार नाही, असा त्याचा अर्थ. बालाजीरावांनी स्वतःच्या लग्नाबद्दलही एकदा हाच अभिप्राय दिला होता आणि कनकाबाईंनी तो अजून विसरलेला नाही. डॉक्टर मात्र या शब्दावरून रोग ओळखत. तोडून म्हटला तर पोटात वायू, शेवट लांबवला तर रक्तदाब, आणि मान हलवत म्हटला तर कनकाबाईंशी वाजलेले. यासाठी कुठलेही यंत्र लागत नसे, त्यामुळे त्याची नोंदही कुठे नव्हती.

अशात डॉक्टरांना जावई मिळाला. तन्मय पुण्याचा. लग्न होऊन आठ महिने झाले होते. चेन्नईतल्या एका मोठ्या कंपनीत तो प्रक्रिया सुधारण्याच्या खात्यात होता आणि तिथल्या प्रक्रिया पूर्ण सुधारल्यामुळे त्याला दोन महिन्यांपासून काही काम नव्हते. सासरेही तंजावरचे मराठी, त्यांचा दवाखाना आयताच समोर होता. जावयाला नाही म्हणायची रीत तंजावरात नाही, पुण्यात तर नाहीच नाही.

तन्मयने आधी रुग्णांचे मत घेतले. आठवडाभर तो दाराशी टॅब घेऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शंभर जणांना त्याने एकच प्रश्न विचारला : इथे रुग्णांची काळजी कशी घेतली जाते? चौऱ्याण्णव जण म्हणाले, "परवाइल्ले." बालाजीराव तर पायरी उतरता उतरता मोठ्या प्रेमाने म्हणाले. उरलेल्या सहा जणांनी "सरि", म्हणजे बरं, ठीक, असे म्हटले.

आठ महिन्यांत तन्मय तमिळ शिकला होता. इल्ले म्हणजे नाही, हे त्याला ठाऊक होते. पर्वा म्हणजे काय, हे त्याला आईने लहानपणीच शिकवले होते. सहा जणांचे "सरि" त्याने 'सरासरी' या रकान्यात टाकले आणि अहवाल लिहिला : "चौऱ्याण्णव टक्के रुग्णांच्या मते या दवाखान्यात रुग्णांची पर्वा केली जात नाही."

रविवारी जेवणानंतर त्याने सासऱ्यांना टॅबवर टक्केवारीचे वर्तुळ दाखवले, जवळजवळ सगळे लाल. त्यांना खरोखरच लागले होते.

"अस्के असेंच सांगट्ले?" त्यांनी हळूच विचारले. सगळेच असे म्हणाले का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

"जवळजवळ सगळेच, बाबा. पण निराश होऊ नका. यालाच आम्ही सुधारणेला वाव म्हणतो."

डॉक्टरांनी दवाखान्याच्या किल्ल्या जावयाच्या हातात दिल्या.

पहिली सुधारणा ओळख पटवण्याची झाली. पंधरा दिवसांनी बालाजीराव आले, तेव्हा नर्स सीतालक्ष्मी कोऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "तुमचें नांव?"

"सीता, काय झालें गे तुला? माझ्या मुलीच्या लग्नात दोनदा पायसम वाढून घेतलीस की!"

"विचारावेंच लागतें, अण्णा. नांव सांगा."

"टी. बालाजीराव."

"आडनांव?"

"आपल्याकडे आडनांव कोण लावतो? टी म्हणजे माझे वडील, तुळजाजी."

आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते, म्हणून तुळजाजी तिथे बसले. मग यंत्राने तुळजाजींची जन्मतारीख मागितली. ती दिल्यावर रुग्णाचे वय एकशे अकरा निघाले आणि बालाजीरावांच्या मनगटावर 'पडण्याची दाट शक्यता' असा पिवळा पट्टा बांधण्यात आला.

पट्टा बांधला म्हणजे पायऱ्या बंद. दवाखान्याच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या आणि तन्मयच्या हिशेबाने त्या तिन्ही धोकादायक होत्या. पट्टेवाल्या रुग्णांसाठी खाली फुटपाथवर खुर्च्या मांडल्या गेल्या. पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांना पट्टा मिळाला आणि डॉक्टरांकडे येणारे बहुतेक सगळे पासष्टीच्या पुढचेच होते. डॉक्टर आत, रुग्ण बाहेर, मध्ये काच. लिहिताना चूक होऊ नये म्हणून डॉक्टरांची खोली 'विचलनमुक्त क्षेत्र' झाली होती आणि विचलनांच्या यादीत रुग्णाचा क्रमांक पहिला होता. बालाजीराव फुटपाथवरून हात हलवीत, डॉक्टर काचेआडून हात हलवीत आणि मग जाऊन हात धूत.

आकडे झपाट्याने सुधारले. आत कोणी पडले नाही, कारण आत कोणी नव्हते. चुकीचे औषध कोणाला गेले नाही, कारण औषधच कोणाला गेले नाही. तन्मयने मूळ कारणाचे विश्लेषण केले, तेव्हा दवाखान्यातल्या प्रत्येक धोक्याच्या मुळाशी रुग्ण असल्याचे निष्पन्न झाले. दारावर फळा लागला : 'अपघाताविना ४१ दिवस'.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला बालाजीराव फुटपाथवर आले. छातीवर कोणी तरी भरलेले पार्सल ठेवून विसरून गेले आहे, असे त्यांना वाटत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांना एकच हवे होते, डॉक्टरांनी नेहमीसारखे "कसे आहांत?" म्हणावे.

"माप्ळे," ते तन्मयला म्हणाले. डॉक्टरांच्या जावयाला सगळी गल्लीच माप्ळे म्हणे, म्हणजे जावईबापू. "डॉक्टरांना जरा..."

"आधी वेदनेचा आकडा, काका. शून्य ते दहा?" तन्मयने हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांचा तक्ता पुढे केला.

बालाजीरावांनी चेहरे पाहिले. त्यातला एकही त्यांच्या ओळखीचा नव्हता. कुणाला त्रास नको, म्हणून सवयीने तोंडातून आले, "परवा..." पुढचे 'इल्ले' आलेच नाही.

"परवा," तन्मयने लिहिले. "परवापासून दुखतंय. म्हणजे तातडीचं नाही."

सीतालक्ष्मीने नियम धाब्यावर बसवून काचेचे दार उघडून धरले होते, म्हणून तो अर्धा शब्द आत गेला. एकतीस वर्षांत डॉक्टरांनी तो असा कधी ऐकला नव्हता. ते खुर्ची सारून उठले आणि तिन्ही पायऱ्या एकदम उतरून आले.

"बाबा, हात!" तन्मय ओरडला. "हात धुतले नाहीत!"

डॉक्टरांनी त्याच न धुतलेल्या हातांनी नाडी धरली, गोळी जिभेखाली सरकवली, रिक्षा थांबवली आणि बालाजीरावांचे डोके मांडीवर घेऊन त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. नाव विचारायचेही राहून गेले. बालाजीराव वाचले. आणखी वीस मिनिटे गेली असती तर वाचले नसते, असे तिथल्या डॉक्टरांनी कनकाबाईंना सांगितले.

फळा शून्यावर आला. एका रुग्णामागे सहा नियमभंग, असे दवाखान्यात पूर्वी कधी घडले नव्हते. निदान नोंदले तरी गेले नव्हते. तन्मयला वाईट वाटले, पण प्रक्रिया ही प्रक्रिया. नव्या विश्लेषणात सहाही भंगांचे मूळ कारण एकच निघाले आणि सुधारणा म्हणून त्या कारणाला जोखमीच्या क्षेत्रापासून दूर ठेवण्यात आले. डॉक्टर आता माडीवर बसून पेपर वाचतात.

दोन महिन्यांनी बालाजीराव पहिल्यांदाच दवाखान्यात आले. दारावर सोनेरी चौकटीत सुरक्षिततेचे प्रमाणपत्र होते. फळ्यावर ६३ दिवस होते. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर, धूळ बसू नये म्हणून, प्लास्टिक घातले होते.

तन्मय लगबगीने पुढे आला. मधल्या काळात बायकोने त्याला एका हॉटेलात परवाइल्लेचा खरा अर्थ सांगितला होता. जुनी फाईल बंद झाल्यामुळे ती दुरुस्त करता येत नव्हती, पण नव्या पाहणीला त्याचा फार उपयोग होत होता.

"काका, एकच प्रश्न. इथे काळजी कशी घेतली जाते?"

मला माझा डॉक्टर परत द्या, त्याने मला एकदा "कसे आहांत?" म्हणावे, असे बालाजीरावांना ओरडून सांगायचे होते. पण पोरगा उन्हात उभा होता, हसून बघत होता, त्यातून डॉक्टरांचा जावई. त्याचे मन कसे मोडायचे?

"परवाइल्ले," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. त्या आवाजावरून ओळखणारे खाली कोणी नव्हते. तन्मयने हिरवे बटण दाबले. अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी.

बालाजीरावांच्या या भिडस्तपणाला तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. पण मागच्या महिन्यात तुम्ही तीन तास ताटकळलात, डॉक्टरांनी तुमच्याकडे न बघताच चिठ्ठी लिहिली आणि घरी येताना फोनवर प्रश्न आला की आमची सेवा कशी वाटली. तेव्हा तुम्ही रिक्षात बसल्या बसल्या पाचही तारे दाबलेत. तन्मयच्या वर्तुळात तुम्हालाही धरले आहे, आणि तो आता पुढच्या दवाखान्यात निघाला आहे.