जित्या बाईची वेबसाईट

वेबसाईट मीच बनवीन अन् तेही माह्या नावाची, असं मी दिवाळीत सगळ्यायच्या समोर ठणकावून सांगितलं! आता तुमीच सांगा, शेंदूरजनाघाटात सतरा वर्सांपासून जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमं मी करते, रोपाले पानी मी देते, गिऱ्हाइकाशी हुज्जत मी घालते. अन् फाटकावर बोर्ड कोनाचा? 'किशोर नर्सरी'! किशोर म्हंजे आमचे हे. यायले जंबेरी कोन्ती अन् संत्रा कोन्ता, हेही पान हुंगल्याबिगर समजत नाही.

माहे दीर शेखरभाऊ अकोल्यात बॅनर छापतात. ते हासले.

"वहिनी, वेबसाईट म्हंजे कलम नोहे, पट्टी गुंडाळली का झाली!"

"पाहाच तुमी!"

आमच्या यायनं तं पैजच लावली. "तुही वेबसाईट उभी झाली तं बोर्डही तुह्या नावाचा. जाय!"

तीन महिने मी यूट्यूबवर शिकली. एचटीएमएल म्हंजे भाजी चिरून ठेवणं. खरी फोडणी सीएसएसची! एक अर्धविराम राहिला का सारं पान आडवं! नाव मधात आना तं फोटो कोपऱ्यात पये, फोटो आना तं नाव पये. मी लॅपटॉपले शिव्या देल्या.

"कोनाशी भांडून राहिली व?" हे इचारत.

"तुमच्या बोर्डाशी!"

शेवटी जमलं! बराब्बर मधात माहा फोटो. काळापांढरा फोटो भारी दिसते म्हने, म्हनून एका ओळीत त्याचा रंग उडवला. भोवतालून संत्र्याच्या पांढऱ्या फुलायची बॉर्डर. खाली ठसठशीत अक्षरात 'साधना'. त्याच्या खाली, साऱ्या वेबसाईटीवर असते तसं, नर्सरी सुरू झाल्याचं साल अन् यंदाचं साल: २००९ – २०२६. रोपायची यादी टाकाची होती, पन म्हटलं, आधी जळनाऱ्यायले जळू तं द्या! घरच्या ग्रुपवर लिंक टाकली अन् साडेआठच्या एसटीनं अमरावतीले कृषी प्रदर्शन पाहाले गेली. मोर्शी येता येता फोनची बॅटरी संपली.

तुमाले समजलंच असन. मले नाही समजलं! शेखरभाऊनं ते पान पाह्यलं अन् यायले फोन लावला. काय बोलनं झालं ते मले मांगून कळलं.

"दादा, वहिनी गेल्या?"

"हो, गेली ना. साडेआठले."

"असं अचानक?"

"अचानक कायचं? महिनाभरापासून जाते-जाते करे. मीच म्हटलं, जाय बाई एकदाची!"

"अन् तू कोठी हायेस?"

"वावरात. मोटर बिघडली. कामं काय थांबतात तिच्यासाठी?"

शेखरभाऊनं रडत फोन ठेवला.

संध्याकाळी मी घरी आली तं फाटकापाशी ही गर्दी! शेजारच्या पार्बताबाई पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन उभ्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हनून शेजारी जेवन आनतात तसं. मले पाहून त्या अशा किंचाळल्या का अर्ध्या भाकरी रस्त्यावर! शेखरभाऊ अकोल्याहून येऊन, खुर्चीवर चढून फ्लेक्स बांधत होते. सीएसएसमंधीही फ्लेक्स असते, त्यानं वस्तू मधात येते. हा फ्लेक्स आठ बाय चारचा होता अन् त्याच्या मधात मी होती, वेबसाईटीवरचाच काळापांढरा फोटो, भोवतालून तेच फुलं. वरून 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. सौ. साधना'!

"भाऊजी, कोन गेलं?"

"तुमी!" म्हनत ते खुर्चीसकट खाली.

तेवढ्यात हे वावरातून आले. सारं समजलं तशे कपाळाले हात लावून म्हनाले, "काढा तो फ्लेक्स! अन् तू ते वेबसाईटही काढ!"

माहं डोस्कंच सरकलं. "काहून काढू? सतरा वर्सं जित्ती होती तवा माह्या नावाची बोटभर पाटी नाही. अन् मेली तं एका दिवसात आठ बाय चार? कातर आना!"

मले रडू येऊन राहिलं होतं, पन मी नाही रडली. वरची श्रद्धांजली कातरली, 'कै. सौ.' कातरलं, 'साधना' ठेवलं. 'किशोर नर्सरी'चा बोर्ड यायनंच उतरवला. उरलेलं पिठलं सगळ्यायनं खाल्लं.

फ्लेक्स आजही तसाच हाये, वेबसाईटही तशीच. कोनाच्या बापाले भेत नाही मी! फक्त परवा चांदूर बाजारचं एक गिऱ्हाईक आलं. फ्लेक्सपाशी चप्पल काढली, हात जोडले अन् मले इचारलं, "तुमच्या मोठ्या बहीन होत्या का?"

मेली म्हटलं ते मी चालवून घेतलं हो. पन मोठी?