कासिमचाचांकडे स्कोप चालत नाही

कासिमचाचांच्या अंगणात उभं राहून ‘स्कोप’ हा शब्द उच्चारला, की उच्चारणाऱ्याला हापशावरून एक बादली पाणी उपसून पेरूच्या झाडाला घालावं लागायचं. त्यात लहान-मोठं कुणी सुटायचं नाही. बारावीच्या निकालानंतर लातूरमध्ये दुसरा शब्दच कुणाच्या तोंडात नसतो. “चाचा, मेकॅनिकलला स्कोप हाय का?” असं विचारत बाप-लेक फाटकातून आत आले, की चाचा न बोलता बादलीकडे बोट दाखवायचे. एका पोराची आई तर तावातावाने इतक्यांदा ‘स्कोप’ म्हणाली की बादल्या घालून घालून झाडाखाली तळं झालं. पेरू मात्र साखरेसारखे यायचे. “ह्या झाडाला खत न्हाई लागत, हे स्कोपवर वाढून राहिलंय,” असं चाचा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मी कंधारच्या शेतकऱ्याची पोरगी. अकरावी-बारावीसाठी बाबांनी मला लातूरला ठेवलं. माझी खोली चाचांच्या घराला लागून होती, दोन्ही अंगणांच्या मधे फक्त कमरेएवढी भिंत. चाचा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले सिव्हिल इंजिनियर. उंच, किडकिडीत, डोळ्यांवर दोरी लावलेला चष्मा, अंगात बारा महिने तोच करडा हाफ स्वेटर. उन्हाळ्यात उकडत नाही का, असं विचारलं तर म्हणायचे, “उकडतंय की. पन खिसे ह्यालाच हायेत.”

माणसं त्यांना नावाने लक्षातच राहायची नाहीत. प्रत्येकाची इंजिनियरिंगची एक ब्रांच ठरलेली. कोपऱ्यावरचा न्हावी इलेक्ट्रॉनिक्स, कारण त्याचं काम बारीक. शेजारचे वकील मेकॅनिकल, कारण आवाज फार. राबियाचाची, म्हणजे त्यांची बायको, सिव्हिल. “हिच्यावर घर उभं हाय,” हे ते चाचीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. दूधवाल्याला ते केमिकल म्हणायचे, आणि का म्हणायचे ते कुणी विचारत नसे.

पण खरी गंमत त्यांच्या परीक्षेची. कुणी पोरगं ब्रांच विचारायला आलं, की चाचा सल्ला द्यायचेच नाहीत. “मी सांगनार न्हाई. एक दिवस ब्रांच करून बघ, मग तूच सांग मला,” एवढंच. सिव्हिल पाहिजे? मग गल्लीत कुणाचा स्लॅब पडतोय तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभं राहायचं. मेकॅनिकल? त्यांच्या दोस्ताची दाळ मिल होती, तिथे जायचं. आणि कॉम्प्युटर पाहिजे असेल तर ओसरीत खुर्चीवर बसायचं, समोर तुरीची डाळ ओतलेलं मोठं ताट, आणि तिन्हीसांजेपर्यंत खडे निवडायचे. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. “दिवसभर एका जागी बसून चूक शोधायची. कॉम्प्युटर म्हंजे दुसरं काय असतंय बेटा? ज्याला मजा वाटली त्यानं बिनघोर घ्यावं.”

हे शास्त्र कितपत खरं ते देव जाणे, पण चाचीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. ॲडमिशनच्या दिवसांत तिची वर्षाची डाळ फुकटात निवडून व्हायची.

उदगीरचा एक पोरगा होता. त्याचा मामा गुत्तेदार, बांधकामाची कंत्राटं घेणारा, म्हणून त्याला सिव्हिल पाहिजे. स्लॅबवर तो दुपारपर्यंत टिकला, मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर आडवा झाला आणि म्हणाला, “चाचा, कॉम्प्युटर.” दुसऱ्या दिवशी डाळीच्या ताटावर डोकं ठेवून घोरायला लागला. कपाळावर डाळीचे ठसे घेऊन घरी गेला बिचारा. उलट दुसरा एक, अगदी मुखदुर्बळ, मिलमधून डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन परत आला तो हसतच. मशीन बंद पडलं तेव्हा मिस्त्रीच्या शेजारून तो हललाच नाही म्हणे. त्याच्या बापाला चाचांनी फाटकातच सांगितलं, “ह्याला आता दुसरीकडं नेऊ नका साहेब, पाया पडतो.”

माझी बाब सगळ्यात अवघड होती. डाळीत मी खड्यांपेक्षा डाळच जास्त फेकली. चाचीने ताट माझ्या हातातून काढून घेतलं. स्लॅबवर माझं डोकं दुखलं, मिलमध्ये शिंका थांबेनात. “हिची ब्रांच अजून निघाली न्हाई,” असं म्हणून चाचांनी मला बाजूला ठेवून दिलं.

मग एका संध्याकाळी वारं सुटलं आणि लाईट गेली. सगळे अंगणात बसून वारा घ्यायला लागले. मी भिंतीवर चढून पाहिलं तर समोरच्या ओळीत उजेड आणि आमच्याकडे अंधार. म्हटलं, सगळी लाईट गेली नाही, तीन तारांपैकी आपला एकच फेज गेलाय. मग पळत जाऊन लाइनमनला गाठलं, त्याच्याशी भांडले, तो खांबावर चढला तेव्हा खाली उभी राहून त्याला पन्नास प्रश्न विचारले. वैतागून तो म्हणाला, “बाई, उद्या सबस्टेशनला या, तिथं साहेबांचं डोकं खा.” दुसऱ्या दिवशी चाचाच मला तिथे घेऊन गेले. परत येताना ऑटोत मी ट्रान्सफॉर्मरबद्दल इतकी बडबडले की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. घराशी उतरल्यावर चाचा म्हणाले, “निघाली एकदाची. इलेक्ट्रिकल.”

पण खुशी कसली! ॲडमिशनचा ऑप्शन फॉर्म बाबांनी कंधारच्या नेट कॅफेत आधीच भरून ठेवला होता. पहिल्या नंबरला पुण्याच्या एका कॉलेजचं कॉम्प्युटर, कारण माझ्या मावशीचा मुलगा तेच करून पुण्यात भरपूर पगार घेत होता. नांदेडचं इलेक्ट्रिकल खाली कुठेतरी. आणि नियम असा, की पहिल्या नंबरचं लागलं तर दार बंद. तीच सीट घ्यायची, पुढच्या फेरीत बदल नाही. माझ्या मार्कांना पुणं नक्की लागणार होतं. क्रम बदलायला ओटीपी पाहिजे, तो बाबांच्या मोबाईलवर, आणि हे मला कळलं त्याच दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. मी रडायला लागले. फोनवर बाबा एकच म्हणत होते, “कॉम्प्युटरच बरंय बाई.”

चाचांनी स्वेटरच्या खिशात चष्म्याचं घर टाकलं. “चल. असल्या गोष्टी फोनवर होत न्हाईत.” जे चाचा लग्नालासुद्धा लातूरबाहेर जायचे नाहीत, ते माझ्याबरोबर एसटीत बसून कंधारला आले.

बाबांनी चहा मागवला, पाहुण्याला खुर्ची दिली. मग म्हणाले, “चाचा, तुम्ही मोठे मानूस. पन इलेक्ट्रिकलला स्कोप...”

चाचा ताडकन उठले आणि इकडेतिकडे बादली शोधायला लागले. मी घाबरत घाबरत बाबांना भानगड सांगितली. पाहुण्याने बादली शोधत फिरणं आमच्याकडे शोभत नाही, म्हणून मग बाबा स्वतःच उठले आणि दारातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालून आले. आई आत पदर तोंडावर धरून हसत होती. पण त्यामुळे बाबांचा आवाज जरा खाली आला.

“स्कोप म्हंजे दुसऱ्याच्या पोराचा पगार,” चाचा म्हणाले. “लाईटीच्या कामाला नोकऱ्या हायेत, सोलरचं काम वाढून राहिलंय. उपाशी मरनार न्हाई पोरगी.”

“ते झालं हो. पन पोरीची जात, तारांचं काम. कामून जिवाला घोर? तुमचं बघा की, सिव्हिल घेतलं, सरकारी नोकरी लागली, जन्माचं चांगलं झालं.”

चाचांनी कप खाली ठेवला. ते असं काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

“वडिलांनी घ्यायला लावलं, मी घेतलं. नोकरी मिळाली, पेन्शन मिळालं. पन खरं सांगू का भाऊ? सकाळी डबा घेऊन निघायचो तर रोज फाटकातून एकदा परत फिरायचो, कायतरी विसरलं म्हनून खोटंच सांगून. पैल्या दिवशी फिरलो, रिटायर झालो त्या दिवशीबी फिरलो. घरात सगळे विचारायचे, पगार झाला का, बदली कुठं झाली. कासिम, तुला तिथं बरं वाटतंय का, असं एकानंबी विचारलं न्हाई.”

बाबा माझ्याकडे वळले आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, “सुवर्णा, तुला बरं वाटतंय का तिथं? त्या लाईटीच्या कामात?”

“हाव बाबा,” मी म्हणाले.

बाबांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

आज मी नांदेडजवळच्या एका सबस्टेशनला इंजिनियर आहे. मावशीच्या मुलाएवढा पगार नाही मला, खोटं कशाला बोलू. पण सकाळी डबा घेऊन निघते तेव्हा फाटकातून मी परत फिरत नाही. हे मी कासिमचाचांचं देणं लागते, आणि ते फिटायचं नाही हेही मला माहीत आहे.

त्या दिवशी फॉर्म बदलून झाल्यावर मी चाचांना कंधारच्या स्टँडवर सोडायला गेले. लातूरची गाडी लागलेलीच होती. ते खिडकीशी बसले. मी खाली उभी राहिले. आभार कसे मानायचे ते सुचेना, म्हणून मी त्यांना विचारलं, “चाचा, आणि तुम्हाला? तुम्हाला बरं वाटतंय का आता?”

चाचांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला.

“वाटतंय ना,” ते म्हणाले. “जूनपासून ऑगस्टपर्यंत लई बरं वाटतंय. तुम्ही पोरं अंगणात असता तोवर.”

तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली.

ऑफिसातले सगळे दिवाळीच्या रजेसाठी भांडतात. मी भांडत नाही. मी माझी मोठी रजा डिसेंबरात घेते आणि लातूरला जाते. त्या दिवसांत ब्रांच विचारायला त्यांच्याकडे कुणीच येत नाही.