लेलेकाकांची मस्टँग आणि कॅमारो

आमच्या लेलेकाकांना गाडी लागते. टॅक्सीत बसले की पहिल्या सिग्नललाच आवळासुपारी तोंडात जाते. म्हणून चोआ चू कांगहून हार्बरफ्रंटच्या ऑफिसात ते कायम एमआरटीनेच, म्हणजे इथल्या मेट्रोनेच गेले. आता रिटायर झालेत. आणि हाच माणूस आमच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये मला गाठून विचारतो, "मस्टँग बरी की कॅमारो?"

या दोन जुन्या अमेरिकन गाड्या. लांब नाकाच्या, दांडग्या इंजिनाच्या, हौशी लोक जिवापाड जपतात त्या. काकांनी दोन्ही फक्त फोटोत पाहिल्यात, पण बोलतात असे, जणू घरी दोन स्थळं सांगून आलीत. मस्टँगचं गोत मोठं, सुटा भाग कुठल्याही गावात मिळतो. कॅमारो देखणी, पण तिच्यात तोतया फार. इंजिनाचा नंबर बॉडीशी जुळतो का, ते आधी बघायचं.

"नाही तर वरात एकाची आणि बोहल्यावर दुसराच," काका बजावतात.

मी म्हणायचो, काका, मग मस्टँग घ्या आणि मोकळे व्हा. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तसं नसतं हो." आणि दुसऱ्या दिवशी कॅमारोची बाजू घेऊन हजर. मला हा माणूस थोडा सटकलाय असंच वाटायचं.

गाडी घ्यायची होती त्यांच्या मुलाला, अमेरिकेतल्या निखिलला. एका रविवारी सकाळी काका पडेल चेहऱ्याने आमच्या दारात उभे. निखिलने निर्वाणीचं विचारलं होतं, आज काय ते ठरवून सांगा. मी म्हटलं, चांगलंच झालं की, सुटलात.

काका खुर्चीत बसले. "तुमची काकू होती तोवर निखिलचा रविवारचा फोन तीच घ्यायची. मी मागून विचारायचो, जेवलास का. ती गेल्यावर आम्हा दोघांना बोलायला काही सुचेना. मग त्याने या गाड्या काढल्या. मी वाचून वाचून शिकलो हो. आज ठरलं, तर पुढच्या रविवारी बोलायचं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

"बाबा, ठरलं?"

काका म्हणाले, "मस्टँगच्या पुढच्या काचेखालचा पत्रा आतून गंजतो म्हणतात. बघितलास का?"

पलीकडून निखिल म्हणाला,

"नाही बघितला. बघून रविवारी सांगतो. आणि बाबा, आता एक तिसरी सापडलीय. चार्जर नावाची गाडी. तिचंही जरा वाचून ठेवा."

"मग घाई नको करूस," काका म्हणाले. "जेवलास का?"

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि खिशातली आवळासुपारी तोंडात टाकली.