कपाटाची उलटतपासणी

माझ्या पोरांनी केलेल्या कपाटात एक खिळा दिसला, तर मिशी काढीन! असं मी हेडबाईंना तोंडावर सांगितलं होतं. तीस वर्षं सुतारकाम केलं, त्यातली शेवटची सहा या शाळेत नववी-दहावीच्या पोरांना रंधा धरायला शिकवण्यात गेली. माझ्या हाताखाली 'चालतंय की' हा प्रकार नाही. चालू देतच नाही!

यंदा वरून पत्र आलं. सुतारकामाचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला साहेब येणार. हेडबाई घाबऱ्याघुबऱ्या. मी म्हटलं, "बाई, निर्धास्त राहा. पोरांकडून असं कपाट करून घेतो, की साहेब बघतच राहतील!"

आणि घेतलं. सांधे असे, की नख शिरू नये. पेन्सिलीची खूण दिसली की घास. पॉलिशला बोट लागलं की पुन्हा घास. वर्कशॉपमध्ये मोबाइलला बंदी. वर्गात मोजपट्टी म्हणून एक पोरगी आहे, उंच, काटकुळी आणि सगळ्यांत हुशार. तिने ड्रॉवरच्या मागे हळूच स्वतःचं नाव लिहिलं होतं. पकडलं! "तुझं नाव कोण वाचणार आहे? काढ ते!" तिने मुकाट्याने काढलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी भुसा, तुकडे, चुकलेल्या फळ्या, सगळं कचऱ्याच्या गाडीत भरून दिलं. वर्कशॉप असं लख्ख केलं, की तिथे कधी कुणी काम केलंय असं वाटू नये.

साहेब आले. कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, ड्रॉवर ओढले, लोटले.

"छान आहे. कुठल्या दुकानातून आणलंत?"

मला वाटलं, कौतुक करतायत. मी हसलो. नको तेव्हा हसतो मी!

"साहेब, पोरांनी केलंय."

"मास्तर, मी रोज शाळा बघतो. पोरांचं काम जरा तिरकं असतं."

"तिरकं मी चालवून घेत नाही!"

"बरं. करतानाचे फोटो?"

"मोबाइलला बंदी आहे."

"उरलेल्या फळ्या, तुकडे?"

"काल टाकले."

"कुठे मापं, खुणा?"

"पुसल्या."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे दुकानातलं कपाट पोरांच्या नावावर खपवताय." हेडबाई मटकन स्टुलावर बसल्या. ते स्टूलही पोरांनीच केलेलं, पण आता माझं ऐकतंय कोण!

तेवढ्यात मोजपट्टी पुढे आली. "साहेब, कपाट उलटं करून बघा. सर, रागावू नका."

"अरे, पॉलिशला ओरखडा पडेल!" मी ओरडलो. वर्ग बुडत होता आणि मला पॉलिशची पडली होती, बघा!

आठ पोरांनी कपाट कलतं केलं आणि वरचा ड्रॉवर सुळकन सटकून थेट साहेबांच्या पायावर! साहेब एका पायावर नाचले. ड्रॉवर एवढा अलगद सरकायचा दोषही माझाच.

तळाच्या फळीवर अठराच्या अठरा पोरांची नावं होती! हेडबाईंनी चक्क टाळी वाजवली. माझ्या जिवात जीव आला. वाचला वर्ग! मग साहेब पाय चोळत वाकले आणि नावांखालचा मजकूर मोठ्याने वाचायला लागले.

"हे कपाट अकरा वेळा खोलून पुन्हा जोडलं. सर एकदाही 'बरं झालंय' म्हणाले नाहीत. दोघं रडून वर्ग सोडून गेले. आम्ही राहिलो, कारण काम आवडतं. सर आवडत नाहीत."

सगळी पोरं आपापल्या चपलांकडे बघत होती.

"शंका मिटली," साहेब म्हणाले. "काम पोरांचंच आहे."

आठवड्याने पत्र आलं. हेडबाईंनी बोलावून अभिनंदन केलं. "वर्ग वाचला, सर! पुढच्या वर्षी दुप्पट पोरं घ्यायला सांगितलीत!"

"वा!"

"फक्त..." त्या टेबलावरची काच उगाच पुसायला लागल्या, "शिक्षक बदलायला सांगितलाय."

किल्ल्या दिल्या. लागलं हो मनाला, का नाही लागणार? पण पोरांनी लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं, हेही कळत होतं. म्हटलं, जाता जाता एकदा सांगून टाकू, की पोरांनो, तुमच्या वयात मला असं कपाट जन्मात जमलं नसतं. वाक्य दाराबाहेर तीनदा घोकलं. आत गेलो. रंधे थांबले. मी कपाटापाशी उभा राहिलो, घसा खाकरला, तोंड उघडलं.

मोजपट्टी ताडकन उठली. "कुठे चुकलं, सर?"

वरची बिजागरी अर्धं सूत खाली बसली होती. काय करू? तीच दाखवली.