कानकिडा आणि सरांचा पुरावा

सर दुपारच्या झोपेतून आपले आपण जागे झाले, इथूनच त्या दिवसाची घडी विस्कटली. एरवी त्यांना उठवणं हे काकूंचं काम होतं. सरांची झोप म्हणजे झोप. शेजारच्यांनी भिंत पाडली तेव्हाही ते झोपलेलेच होते आणि उठल्यावर "घरात एवढी धूळ कशी?" म्हणून काकूंवरच वैतागले होते. "मन स्वच्छ असलं की झोप गाढ लागते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. पण त्या दुपारी इस्त्रीवाला संध्याकाळच्या भाषणाचा शर्ट घेऊन आला, घंटा वाजली, पलंगाशी उभ्या असलेल्या काकू लगबगीने दाराकडे धावल्या आणि सर चक्क घंटेच्या आवाजाने उठून बसले.

सर म्हणजे जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, आणि काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. सर साऱ्या गावाचे सर होते आणि काकू साऱ्या गल्लीच्या काकू. त्यांची खरी नावं आता फक्त विजेच्या बिलापुरती उरली होती.

तर सर उठून बसले आणि त्यांच्या डाव्या कानात काहीतरी खसखसलं. मान हलवली की खसखस, थांबवली की शांत. दुसरा कुणी असता तर "अगं, बघ गं जरा" म्हणून मोकळा झाला असता. सरांना ती सोय नव्हती. त्याच संध्याकाळी शाळेच्या सभागृहात त्यांचं भाषण होतं आणि विषय होता, 'कानकिडा : समज आणि गैरसमज'.

कुंडी उचलली की खालून जो चपटा, तपकिरी, शेपटीला चिमटा असलेला किडा सैरावैरा पळत सुटतो, तो कानकिडा. निदान सरांची आई त्याला तसं म्हणायची. झोपलेल्या माणसाच्या कानात तो शिरतो, चिमट्याने पडदा कापतो आणि आत जाऊन थेट मेंदूत अंडी घालतो, असं तिचं शास्त्र होतं. शेजारचे आजोबा म्हणत, तसं काही नाही, त्याने पंख उघडला की तो हुबेहूब कानासारखा दिसतो, म्हणून त्याचं हे नाव. आजोबांची बहीण सांगे, तोच किडा वाळवून, कुटून तेलातून कानात घातला की ठार बहिऱ्यालाही ऐकू येतं. थोडक्यात, एकाच किड्यामुळे कान जायचाही आणि परतही यायचा.

सरांच्या घराच्या खिडकीवर वेल होती, वेलीत किडे होते आणि घरात मुलं होती. आई कशाला धोका पत्करेल? रोज अंथरुणं पडली की मुलं तिच्यापुढे रांगेत बसत. गादीच्या उसवलेल्या शिवणीतून ती कापूस ओढी आणि बोटांत गोळ्या वळी, धाकट्यांना लहान, थोरल्यांना मोठ्या. गादी दरवर्षी बारीक होत गेली, पण मेंदूत अंडी कुणाच्या पडली नाहीत. त्या घरातली भांडणंही लवकर मिटत, कारण कापूस घातल्यावर पुढचं कुणाला ऐकूच येत नसे. आईची बोटं उबदार असत. गोळी बसली की सगळं जग लांब जाई आणि आईचे नुसते ओठ हलताना दिसत. ती तेव्हा काय बोलायची, हे सरांना कधीच कळलं नाही, आणि म्हातारपणी त्यांना त्याची फार चुटपुट लागून राहिली होती.

मिसरूड फुटलं तसं सरांना शास्त्रही फुटलं. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "आई, आजपासून मला कापूस नको. हा किडा कुणाच्या कानाबिनात जात नाही. थोतांड आहे."

आई म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. जी बाई भाजीवाल्याचंही एका झटक्यात ऐकत नसे, ती 'बरं' म्हणाली. सरांनी त्याला विज्ञानाचा विजय मानलं. पुढे वर्गात दरवर्षी हा धडा आला की ते दोन्ही कान पोरांपुढे धरत. "माझ्याकडे बघा. घर तेच, वेल तीच, किडे तेच. तेव्हापासून मी एकदाही कापूस घातलेला नाही. आहे का कानात काही?" पोरं वाकून वाकून बघत. बोलून चालून हा सरांच्या आयुष्याचा पुरावा होता, आणि आजच्या भाषणाचा शेवटही त्यानेच व्हायचा होता. आज नेमकं कुणी वाकून बघितलं तर?

सर न्हाणीघरात शिरले आणि कडी लावून घेतली. आरशात डोळे फाडफाडून पाहिलं तरी माणसाला स्वतःच्या कानात बघता येत नाही, हे त्यांना तिथे नव्याने समजलं. मग ते शास्त्राला शरण गेले. हा किडा उजेडाला भितो. बॅटरी मारली तर आणखी आत पळेल. तेव्हा त्याला बाहेर काढायचं तर कानातल्यापेक्षा जास्त अंधार बाहेर हवा. सरांनी झरोक्याला टॉवेल लावला, दिवा घालवला आणि पालथ्या बादलीवर मान कलती करून बसून राहिले.

बाहेरून काकूंनी दार वाजवलं. "अहो, आत दिवा का नाही?"

"विचार करतोय."

"अंधारात?"

"भाषणाचा विचार आहे, त्याला उजेड लागत नाही."

काकू दारासमोरून हलल्या नाहीत. अंधाराचा उपयोग होईना म्हणून सरांनी काडेपेटीतली काडी घेतली. गेली पन्नास वर्षं ते पोरांना सांगत आले होते की कानात काडी घालू नये. काडीने खसखस थोडी आणखी आत सरकली. मग ते मागच्या अंगणात गेले आणि डावा कान खाली करून एका पायावर उड्या मारू लागले. कुंपणापलीकडचा शिंपी मशीन थांबवून बघत होता.

"सर, गुडघ्यांसाठी का?"

"हं."

"किती मारायच्या?"

"सोसतील तितक्या," सर म्हणाले. थोड्या वेळाने पलीकडून धप्प असा आवाज आला आणि त्यामागून शिंप्याच्या बायकोचा. सरांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचं स्वतःचं ओझं त्यांना पुरेसं होतं.

शेवटी ते स्वयंपाकघरात आले आणि तेलाची बाटली उचलली. काकूंनी त्यांचा हात धरला.

"तेल घालू नका."

"का?"

"फुगेल."

"किडा फुगत नसतो," सर म्हणून गेले, आणि मग जीभ चावून काही उपयोग नव्हता.

"किडा कानात जात नाही," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगता."

"सहसा जात नाही, असं म्हणतो मी."

"हे 'सहसा' मी आजच ऐकतेय."

"निसर्गात अपवाद असतात. तुला नाही कळायचं."

"अहो, त्यात किडा नाही. मला बघू तरी द्या."

"तू बघूच नकोस. तू तर आईची शिष्या. उद्या गल्लीभर करशील."

या झटापटीत निम्मं तेल कानात गेलं आणि निम्मं नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टावर. खसखस थांबली. तिच्याबरोबर डाव्या बाजूचं सगळंच थांबलं. गल्ली, नळ, काकू, सगळं उजवीकडूनच येऊ लागलं.

"मेला," सर खुर्चीत बसत म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "आता मी तिथे उभं राहून काय विचारू? आहे का कानात काही? आणि आत हे प्रेत."

"चला, डॉक्टरकडे जाऊ," काकू म्हणाल्या. त्या स्वतःच इतक्या घाबरल्या होत्या की पदर सारखा करता करता घराच्या किल्ल्या फळीवरच विसरल्या. रिक्षा निघाली. सरांना वाटत होतं, आपलं पितळ उघडं पडणार. काकूंनाही नेमकं तेच वाटत होतं.

कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना चपलांच्या दुकानावर होता. डॉक्टरीणबाई सरांचीच विद्यार्थिनी. शाळेत असताना तिने परीक्षेत लिहिलं होतं, 'कानकिडा मेंदूत अंडी घालतो असं माझी आजी म्हणते,' आणि सरांनी खाली लाल शाईने शेरा मारला होता, 'आजी परीक्षेला बसलेली नाही.' ती हे विसरली असेल या आशेवर सर तिच्यासमोर बसले. ती विसरली नव्हती.

"काय होतंय, सर?"

"आत एक जीव आहे," सर हळूच म्हणाले. "म्हणजे होता."

डॉक्टरीणबाईने हसू गिळलं आणि दुर्बीण लावली. "सर, याला पाय दिसत नाहीत."

"तुटले असतील. काडी घातली होती मी."

"शेपटीला चिमटाही नाही."

"नीट बघ. घाई करायची तुझी जुनी सवय आहे."

तिने नीट बघितलं, चिमटा आत घातला आणि बाहेर काढलं ते स्टीलच्या ताटलीत ठेवलं. तेलाने निथळणारी, पण वळणदार, बोटांनी प्रेमाने वळलेली कापसाची गोळी होती ती.

"हे माझं नाही," सर म्हणाले.

"कान तुमचाच आहे, सर."

"मी कापूस घालत नाही. जन्मात घातला..." सर थांबले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीवरचं कानाचं चित्र पाठ करत असल्यासारखं बघत होत्या. इतका संसार झाल्यावर माणसाला बायकोची पाठही वाचता येते.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"लग्न झालं तेव्हापासून," काकू चित्राकडे बघतच म्हणाल्या. "तोवर सासूबाईच घालायच्या. तुम्ही झोपलात की घालायचा आणि उठवायच्या आधी काढायचा. त्यांनीच दाखवलं मला, गोळी कशी वळायची ते. म्हणाल्या, त्याला कळू देऊ नकोस. आपण जिंकलो असं वाटतंय त्याला, वाटू दे. आज एक काढला आणि मेली ती घंटा वाजली."

"म्हणजे तुझाही विश्वास आहे त्या किड्यावर?"

"काहीतरीच. तो कानात जात नाही, तुमच्याच पुस्तकात वाचलंय मी."

"मग?"

"आधी त्यांच्यासाठी घालायची. त्या गेल्यावर एकदा ठरवलं, आता पुरे. नाही घातला. पण मलाच डोळ्याला डोळा लागेना." काकूंचा आवाज बारीक झाला. "मग उठून घातला."

सरांनी ताटलीत पाहिलं. त्यांचा पुरावा, त्यांचं स्वच्छ मन, भिंत पाडतानाची ती गाढ झोप, सगळं तिथे तेलात पडलं होतं. त्यांना रागवायचं होतं. पण जिच्यावर रागवायचं ती कधीच गेली होती, आणि जिच्यावर रागवता आलं असतं तिचे डोळे भरले होते. हा एवढा मोठा, मिशा फुटलेला, पोरांना शहाणपण शिकवणारा बाप्या झोपला की आई उशाशी येऊन बसत होती, आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नव्हती. सरांना आईची अशी आठवण आली की त्यांनी ती ताटली हळूच जवळ ओढली.

"काकू," डॉक्टरीणबाई कान पुसत म्हणाली, "घालायचाच असेल तर जरा मोठी गोळी घ्या. ही आत जाते."

दवाखान्यातून सर थेट भाषणाला गेले आणि तेलाचा डाग झाकायला घरून निघतानाच शर्टावर चढवलेल्या गरम कोटात उभे राहिले. किड्याची सगळी माहिती त्यांनी नेहमीसारखी सांगितली, नावाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, आजोबांची बहीणसुद्धा सोडली नाही. मग तो शेवट आला. पुढच्या रांगेतल्या जुन्या विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ होता. ते आधीच माना पुढे काढून तयार होते.

"हा किडा कानात घर करत नाही, हे खरंच आहे," सर म्हणाले. "त्याचा माझ्याकडे एक पुरावा होता. तो आज दुपारी बाद झाला. कारण घरगुती आहे."

सभागृह हसलं. सरही हसले.

"पण एक गोष्ट मी कुंडीखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. याची मादी अंडी घालते ती मातीत, आणि घालून निघून जात नाही. त्यांच्यापाशी बसून राहते. बुरशी धरू नये म्हणून एकेक अंडं तोंडाने साफ करते, पुन्हा जागेवर ठेवते. आतल्या पिल्लांना यातलं काही माहीत नसतं." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. लोकांना वाटलं भाषण संपलं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर, नुसत्या ओढून घेतलेल्या दाराच्या किल्ल्या आत राहिल्याचं कळलं आणि शिंप्याला लंगडत येऊन कुलूप तोडावं लागलं.

 दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सर नेहमीप्रमाणे आडवे झाले. झोप येईना. नळ ठिबकत होता, शिंप्याचं मशीन चाललं होतं, कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. जगात इतका आवाज असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात काकूंच्या सपाता दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या. आत येऊ की नको, अशा थबकल्या.

आता 'ये' म्हणावं तर जन्मभराचं शास्त्र आडवं येत होतं, आणि न म्हणावं तर सपाता परत फिरल्या असत्या. सरांनी डोळे घट्ट मिटले आणि घोरायला सुरुवात केली. ते कधी घोरत नसत, त्यामुळे घोरणं नक्की कसं असतं याचा त्यांना काडीचा अनुभव नव्हता.

सपाता पलंगापाशी आल्या. "असं कुणी घोरत नाही," काकू म्हणाल्या.

झोपलेल्या माणसाने उत्तर देऊ नये एवढं सरांना कळत होतं. ते घोरतच राहिले. एक उबदार बोट कानाला लागलं, गोळी बसली, चांगली मोठी होती. शिंप्याचं मशीन निम्मं लांब गेलं. मग घोरण्यात खंड पडू न देता सरांनी कूस बदलली आणि दुसरा कान वर केला.