निखाऱ्यांवरचा समेट

चष्म्याच्या दुकानाचे मालक रविवारी सकाळी परसात उभे होते आणि त्यांच्या पोटावर नवाकोरा एप्रन होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत 'मुख्य आचारी' असं छापलेलं. वास्तविक या गृहस्थांना उभ्या जन्मात दूधसुद्धा उतू न घालवता तापवता आलं नव्हतं. पण गेले काही दिवस ते मोबाइलवर दाढीवाल्या आचाऱ्यांना भाज्या भाजताना बघत होते. दुसऱ्याला पोहताना बघून आपणही बुडणार नाही असं ज्यांना वाटतं, त्या पंथातले ते होते.

भाजण्यामागे एक थोर हेतू होता. त्यांची बायको आणि तिचा थोरला भाऊ यांच्यात दोन वर्षं अबोला होता. घरच्या एका समारंभात ती गात असताना ऐन तानेत या भावाने "चला, जेवून घ्या रे!" अशी आरोळी ठोकली होती. त्या दिवसापासून ती गायली नव्हती आणि भावाशी बोललीही नव्हती. न गाण्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. न बोलण्याने मात्र चष्मेवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, कारण भावावरचा राग हाताशी असलेल्या माणसावर निघत असे.

"उन्हाळ्याचे दिवस, मोकळी हवा, निखाऱ्यांवर भाजलेल्या भाज्या आणि फळं," ते बायकोला म्हणाले. "माणसं विरघळतात अशाने."

"विरघळतीलच. ऊन बघितलंत का?"

कोळसे पेटेनात. फुंकून फुंकून चष्मेवाल्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. मग त्यांना बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आठवला. ड्रायरने कोळसे पेटले हे कबूल केलं पाहिजे. मात्र ड्रायरचं तोंडही वितळून वाकडं झालं. तो त्यांनी गुपचूप कुंडीमागे सरकवला आणि कपाळावरचा घाम पुसताना कपाळही काळं केलं.

एवढ्यात चष्मेवाल्यांनी जेवायला बोलावलेला भाऊ आला. तो दातांचा डॉक्टर. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि चेहऱ्यावर 'आ करा' म्हणताना असतो तो भाव.

"यांना म्हणावं, सावलीत बसा," बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"तिला म्हणावं, बसलोय," भाऊ झाडाकडे बघत म्हणाला.

मधे उभे राहून चष्मेवाले टपाल पोचवू लागले. दोघं दोन हातांवर बसलेली, आवाज स्वच्छ ऐकू येत होता, तरी प्रत्येक वाक्य त्यांच्यामार्फतच जात होतं. या धावपळीत भोपळी मिरच्या आणि कांदे ओवलेल्या बांबूच्या काड्या त्यांनी तशाच कोरड्या जाळीवर मांडल्या. काड्या पाण्यात भिजवायच्या असतात, हे मोबाइलमधल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं. पण तेव्हा हे त्याच्या दाढीकडे बघत होते.

काड्या उदबत्तीसारख्या जळाल्या. कांदे एकेक करून निखाऱ्यांत उतरले.

"हरकत नाही. आता कलिंगड!" चष्मेवाल्यांनी घोषणा केली.

"कलिंगड भाजतात?" भावाने विचारलं.

"जाणकार लोक भाजतात."

जाडजूड फोडी जाळीवर पडल्या. त्यांतून एवढं पाणी गळलं की अर्धी शेगडी फुस्स करून विझली. ती पुन्हा पेटावी म्हणून जाणकारांनी वरून तेल ओतलं. ज्वाळा त्यांच्या भुवयांपर्यंत आली आणि धुराचा लोट कुंपणावरून शेजारणीच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर गेला.

"अहो, काय जाळताय?" कुंपणापलीकडून शेजारीणबाई कडाडल्या.

"भाज्या!"

"भाज्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

बायको आणि भाऊ एकाच वेळी फिस्सकन हसले. लगेच दोघांनी तोंडं फिरवली. पण चष्मेवाल्यांनी ते टिपलं, आणि त्यांना स्फुरण चढलं. त्यांनी अननसाच्या चकत्या मधात बुडवून उरलेल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मध जळून चकत्या बुटाच्या तळव्यासारख्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांनी त्यातली एक अदबीने मेहुण्यापुढे धरली.

"घ्या दादा. बाहेरून कुरकुरीत, आतून रसाळ."

पाहुण्याने भिडेखातर चावा घेतला. चकती चिकट होती, विलक्षण चिकट. ती सुटेना. त्याने ओढली, अजून ओढली, आणि 'टक्' असा आवाज झाला. चकती हातात आली. पुढचा कृत्रिम दात चकतीत राहिला.

गावभर 'गोड चिकट खाऊ नका' असं बजावणारा डॉक्टर खिडकी उघडी पडलेल्या तोंडाने अननसाकडे बघत होता.

"दादा, दात!" बायको ओरडली. आणि दुसऱ्याच क्षणी पोट धरून हसत सुटली.

"हफतेफ काय? फोधून दे तो!" भाऊ म्हणाला, आणि स्वतःचे शब्द ऐकून त्यालाही हसू फुटलं.

तिने चकतीतून दात उपटला आणि रुमालात गुंडाळला. मग दोघं शेजारी बसली, आणि दोन वर्षांचं साचलेलं सगळं बोलणं एकाच माणसावर कोसळलं.

"दादा, याच माणसाने पहिल्या वर्षी कुकरला शिट्टी न लावता डाळ लावली होती."

"मी तेव्हाच बाबांना फांगितलं होतं, मुलगा पुन्हा एकदा बघा."

"मग अडवलं का नाहीस रे?"

"तुला चष्म्यात तो बरा दिफत होता!"

"आणि वर एप्रन बघ. मुख्य आचारी म्हणे!"

चष्मेवाले समाधानाने हसत होते. समेट झाला होता. प्रत्येक वाक्याचा रोख आपल्यावरच आहे हे जरा उशिराच त्यांच्या ध्यानात आलं, आणि हसू ओठांवरच वाळलं.

"ऊठ," भाऊ म्हणाला. "दवाखान्यात दात बफवतो, मग कुठेतरी माणफांफारखं जेवू."

"चल, मीही भुकेने मेलेय."

"थांबा, मी हात धुऊन आलोच," चष्मेवाले एप्रनची गाठ सोडू लागले.

"तुम्ही कुठे? निखारे कोण बघणार?" बायको गाडीत बसता बसता म्हणाली. "पूर्ण विझल्याशिवाय हलू नका."

गाडी गेली. वळणापर्यंत दोघांच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

थोड्या वेळाने शेजारीणबाई काळवंडलेल्या चादरी घेऊन कुंपणापाशी आल्या. भांडायचं ठरवूनच आल्या होत्या. पण रिकाम्या खुर्च्या, जळके कांदे आणि शेगडीजवळ एकटाच उभा असलेला तो माणूस बघून त्यांचा आवाज उतरला.

"पाहुणे दिसत नाहीत तुमचे?"

"गेले," मुख्य आचारी म्हणाले, "जेवायला."